टीप क्रमांक २९

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी ते रिवाज म्हणून लिहिले आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

नववीचे पेपर काल तपासून संपवले. जुन्या कवितेवर दहा गुणांचा एकच प्रश्न होता. नवव्या कडव्यात ती बाई घराला कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते, ते का? कविता तुला आठवत असेलच, आपण दोघंही ती आप्पांच्याच वर्गात शिकलो. नवरा समुद्रावर गेलेला, परत येत नाही, आणि चौदा कडवी ती पायरीवर बसून वाट पाहते. एक्केचाळीस मुलांपैकी तेवीस जणांनी एकच उत्तर लिहिलं आहे, तेही स्वल्पविरामांसकट. नवरा येईल तेव्हा तहानलेला असेल, तो आधी विहिरीवर जाईल, पोहरा सोडेल आणि पाण्याबरोबर किल्ली वर येईल. परका माणूस दारात उभा राहून हाका मारेल, घरचा माणूस सरळ पाण्याकडे जाईल, म्हणून तिने किल्ली फक्त घरच्या माणसासाठी ठेवली आहे. दोघांनी तर शेवटी 'टीप क्र. २९ पाहा' असंही लिहिलं. कुठे पाहू, ते मात्र सांगितलं नाही.

तेवीसही जणांना शून्य दिलं. कारण चौथ्या कडव्यात ती विहीर आटलेली आहे. तीन उन्हाळे झाले ती कोरडी पडून, शेजारीण घागरभर पाणी आणून देते असं स्वच्छ लिहिलं आहे. ज्याने कविता एकदा तरी वाचली, तो कोरड्या विहिरीत पोहरा सोडणार नाही. या तेवीस जणांनी कविता वाचलीच नाही, तिच्याबद्दलचं पुस्तक वाचलं.

ते पुस्तक एका मुलीच्या दप्तरातून काढून घेतलं. 'सोपी कडवी'. वर आप्पांचा फोटो, खाली तुझं नाव. तो फोटो शाळेच्या निरोपसमारंभातला, ज्यात मी आप्पांच्या शेजारी उभी होते. मला कापलं आहेस. कोपर तेवढं राहिलं आहे, ते पुढच्या आवृत्तीत काढून टाक.

आतली वाक्यं मी ओळखली. ती आप्पांच्या काळ्या वहीतली आहेत. आप्पा गेल्यावर घर आवरलं त्या दिवशी ती वही तू गुपचूप पिशवीत घातलीस. ती आठवड्याच्या आत रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठव.

आता मुख्य गोष्ट. त्या तेवीस जणांत टिटवी आहे. बाकीचे बावीस इतर प्रश्नांवर तरले. तिने वृत्ताचा प्रश्न सोडून दिला होता, म्हणून तिला एकतीस पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. पाचाच्या आत कमी पडलेल्यांना गुण गेलेल्या एका प्रश्नाची तोंडी फेरपरीक्षा देता येते. ती सव्वीस तारखेला आहे, मी आणि मुख्याध्यापक घेणार. नाही दिली तर वर्ष वाया, पुन्हा याच वर्गात. तू तिला माझ्याकडे ठेवलंस ते 'तुझ्याकडे राहिली तर चार कविता नीट कळतील' म्हणून. गाईड लिहिणारा बाप स्वतःच्या मुलीला गाईडच्या भरवशावर ठेवत नाही, हे मला तेव्हा आवडलं होतं.

कळावे. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझी,
ताई

---

ता. ७ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच घातला आहे. उभ्याने घातलेला तुला चालत नाही, हे लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझं पत्र मिळालं. लाल शाईत नव्हतं, याचं नवल वाटलं.

वही मी गुपचूप घेतली नाही. तू स्टुलावर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढत होतीस, डोक्याला फडकं बांधलेलं. मी वही हातात धरून मोठ्याने विचारलं की ही मी नेऊ का. तू वळूनही न बघता म्हणालीस की घेऊन जा, मला काय करायची आहे. टिटवीची आई दारात उभी होती, तिला विचार. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

दुसरं असं, की ते अक्षर आप्पांचं आहे. एकेका कडव्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्थ लिहिला आहे, वर कोपऱ्यात वर्ष घातलं आहे आणि शेजारी टीप-क्रमांक दिला आहे. त्या टिपा कुठे गेल्या ते मला सापडलं नाही, पण क्रमांक मी जसेच्या तसे छापले. म्हणजे तू तेवीस मुलांना शून्य दिलं नाहीस, तू आप्पांना तेवीस वेळा शून्य दिलंस. विहीर आटली आहे हे त्यांना माहीत नसेल असं तुला वाटतं का? त्यात काही खोल असेल. तुझ्या-माझ्यापेक्षा खोल.

तू गाईड हा शब्द नाक मुरडून लिहितेस. मी वीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले आणि पुस्तकांचे गठ्ठे शाळाशाळांतून पोचवले. आमच्या छापखान्यामागे एक शाळा आहे, तिथे तीन वर्गांना मिळून एक मास्तर, आणि तोही गणिताचा. कवितेचा तास आला की तो मुलांना पान उघडायला सांगतो आणि स्वतः खिडकीशी उभा राहतो. पस्तीस मुलं पानाकडे बघत बसतात. एकदा एका मुलीने मला विचारलं की काका, ही बाई वेडी आहे का. मी गठ्ठा खाली ठेवून तिला जमेल तेवढं सांगितलं. त्या मुलांना ताई नाही. त्यांच्यासाठी मी पुस्तक काढलं, तुझ्यासाठी नाही.

आणि आता निघालंच आहे तर लिहितो. आपल्या घरी आप्पा तुझे होते. संध्याकाळी टेबलाशी तू खुर्चीवर बसायचीस, ते तुला कविता उलगडून सांगायचे, आणि मी खाली बसून पेन्सिलींना टोक काढायचो. वर्गात मी उत्तर दिलं की आप्पा हसायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. तू उत्तर दिलंस की मान डोलवायचे, असं तूच घरी येऊन सांगायचीस. त्यांचं हसणं मी पन्नाशी उलटली तरी विसरलो नाही. ती वही वाचताना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आप्पा माझ्या मनातलं बोलतायत. नवव्या कडव्यापाशी तर पुढचं वाक्य न वाचताच मला सांगता आलं असतं. ती वही मी परत देणार नाही.

टिटवीचे गुण मात्र तुला परत द्यावे लागतील. न दिलेस तर मुख्याध्यापकांना पत्र लिहून कळवीन की आत्याने भावावरचा राग भाचीच्या पेपरवर काढला. पेपरवर फक्त नंबर असतो हे मला सांगू नकोस. तिचा ळ गोगलगायीसारखा असतो, तो तू ओळखला नाहीस हे मी मानणार नाही.

कळावे. कोणाचा लोभ कोणावर किती होता, हे आप्पाच जाणोत.

आपला,
धाकटा

---

ता. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

मुख्याध्यापकांचा पत्ता सोबत लिहून पाठवते आहे, म्हणजे तुझा शोधण्याचा त्रास वाचेल. टिटवीचा ळ मी ओळखला. ओळखूनच शून्य दिलं. बावीस परक्यांना शून्य आणि घरच्या पोरीला पाच दिले असते तर मला वर्गात उभं राहता आलं नसतं.

आता वहीचं ऐक, आणि बसून ऐक. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली सहा वर्षं आप्पा आणि मी एकाच शिक्षकखोलीत बसत होतो. ती वही मी तिथे रोज पाहिली आहे. तिच्यात अर्थ नाहीत. तिच्यात मुलांची चुकलेली उत्तरं आहेत. वर्गात कोणी चुकीचं पण ऐकण्यासारखं काही बोललं की आप्पा ते जरा नीट भाषेत उतरवून ठेवायचे. वरचं वर्ष हे त्या वर्गाचं. आणि शेजारचा तुझा तो टीप-क्रमांक म्हणजे हजेरीपटावरचा नंबर. बरोबर अर्थ त्यांनी कुठेच लिहिला नाही. तो मुलांनी शोधायचा, लिहून ठेवला की मेला, असं म्हणायचे.

म्हणजे सतरा वर्षांतल्या पोरांच्या चुका तू वेचून काढल्यास आणि आप्पांच्या फोटोखाली छापल्यास. तुझ्या पान बारावर लिहिलं आहे की ती बाई लाटा मोजते, कारण नवऱ्याने परतायची मुदत लाटांत सांगितली होती. दुसऱ्या कडव्यात तो एक शब्दही न बोलता गेलेला आहे. हे ज्याचं उत्तर, तो मुलगा आता गवंडी आहे. परवा शाळेची भिंत दुरुस्त करायला आला होता, त्याला पुस्तक दाखवलं. तो इतका हसला की त्याला शिडीवरून खाली उतरावं लागलं. त्याला एक प्रत पाठव, सही करून.

तुझ्या छापखान्यामागच्या मुलांचं मला वाईट वाटतं. ज्यांना ताई नाही त्यांना चुकीचं सांगितलेलं चालतं, असं तुझं मत दिसतं. मला ते पटत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

हे सगळं मी तुला सुनावलं, पण माझा जीव दुसरीकडे आहे. तुझं पत्र आणि माझ्या पत्रांचे कच्चे खर्डे मी टेबलावर ठेवले होते, ते टिटवीने वाचले. ती माझी चूक. तीन दिवस झाले, शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. जेवायला येते, खाली मान घालून जेवते, ताट घासून ठेवते आणि जाते. ज्या पोरीचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा म्हणून आपण तिला टिटवी म्हणायला लागलो, ती बोलत नाही. काल एवढंच म्हणाली की सव्वीस तारखेला ती बसणार नाही, तिला घरी जायचं आहे, आणि पुढे वाङ्मय घ्यायचं नाही. हीच पोर मागच्या वर्षी आंघोळ करताना कविता म्हणायची, बंब रिकामा होईपर्यंत.

पंधरा दिवस आहेत. तिला लिही. तुझं ऐकेल. माझं या घरात कोण ऐकतं?

कळावे. आपल्या दोघांचा लोभ एकाच पोरीवर आहे, तूर्त तेवढ्यावर भागव.

तुझी,
ताई

---

ता. १४ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. आईला नमस्कार.

तुमचं पत्र आलं. त्यात तुम्ही लिहिलं आहे की आत्याचं मनावर घेऊ नकोस, चार गुण म्हणजे काही डोंगर नाही, परीक्षा देऊन टाक. आत्याही तेच म्हणते, फक्त तुमचं मनावर घेऊ नकोस असं म्हणते. तुम्ही दोघं सारखेच आहात, हे तुम्हाला कोणी सांगितलं आहे का?

तुमचा दोघांचाही समज आहे की मी कविता वाचली नाही. मी चौदाही कडवी वाचली आहेत, पाठ आहेत. विहीर आटली आहे हे मला माहीत होतं. आत्याने वर्गात सांगितलेला अर्थही माहीत होता. ती बाई स्वतःलाच घराबाहेर ठेवते, नवरा येईपर्यंत छपराखाली जायचं नाही असा तिचा पण आहे. तो मी वहीत लिहून घेतला होता, खाली दोन रेघा मारून. पण पुस्तकावर आजोबांचा फोटो होता. मला वाटलं, आजोबांना असं काही दिसलं असेल जे आम्हाला दिसत नाही. आजोबा आणि आत्या यांच्यात निवडायचं तर मी आजोबांना निवडलं. शिवाय त्या आठवड्यात मी आत्यावर चिडले होते. तिने माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, कसा लिहू नये म्हणून.

आता कळतंय की तो आजोबांचा नव्हताच, कुठल्यातरी एकोणतीस नंबरच्या मुलाचा होता. म्हणजे मी एका अनोळखी मुलासाठी नापास झाले.

बाबा, तुम्ही आणि आत्या आजोबांवरून भांडता. पत्रात आजोबा आहेत, वही आहे, फोटोतलं कोपर आहे. ती बाई कुठे आहे? तिच्याबद्दल मला काय वाटतं, हे कोणी विचारलंच नाही. आत्या वर्गात विचारते, पण ती विचारते तेव्हा उत्तर तिच्या चेहऱ्यावर आधीच असतं. आपण बोलायला लागलो की त्या चेहऱ्याकडे बघत बघत आपण आपोआप तिकडेच जातो. तुमच्या पुस्तकात तर प्रश्नाखाली लगेच उत्तर आहे, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. किल्लीबद्दल मला जे वाटतं ते मी कुठेच लिहिलेलं नाही, आणि आता लिहिणारही नाही.

मी फेरपरीक्षेला बसणार नाही. चूक म्हणून एकदा झालं, बरोबर म्हणून पुन्हा तेच घोकायचं असेल तर मला ते करायचं नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे. मला घरी न्यायला या.

लोभ असू द्या, पण सध्या मला त्याबद्दल लिहून पाठवू नका.

तुमची,
टिटवी
(हे नाव मला आवडत नाही, पण खरं नाव लिहिलं तर तुम्ही घाबराल.)

---

ता. १८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल टिटवीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. त्यात वही आहे. तू आधी उघडू नकोस. तिने दिली तर बघ.

तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी वहीला हात लावला नव्हता. टिटवीचं पत्र आलं आणि त्यातला तो 'कुठल्यातरी एकोणतीस नंबरचा मुलगा' वाचून उठलो. छापखान्यात टेबलावर वही उघडली आणि कोपऱ्यातलं वर्ष पाहिलं. इतके महिने ते मला आप्पांनी लिहायला घेतलेलं वर्ष वाटत होतं. ते माझ्या नववीचं वर्ष आहे. माझा नंबर एकोणतीस होता. खिडकीकडच्या रांगेत शेवटून दुसरा.

मग सगळंच आठवलं. तोंडी परीक्षा होती, मी हे उत्तर दिलं, आप्पा हसले, दहापैकी दोन दिले. मी घरी येऊन पुस्तक पलंगाखाली टाकलं आणि पुन्हा कवितेच्या वाट्याला गेलो नाही. त्यानंतर छत्तीस वर्षांनी तेच वाक्य त्यांच्या अक्षरात वाचून मला भरून आलं, आणि मी ते छापलं. चौदाव्या वर्षी विहीर आटलेली दिसली नाही, पन्नाशी उलटल्यावरही दिसली नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचं तर तेवढंही पाणी विहिरीत नाही.

शिल्लक प्रती परत मागवल्या आहेत. छपाई थांबवली आहे. पण तुझ्यापुढे हरलो असं समजू नकोस. माझे त्या वर्षातले अकरा अर्थ वहीत आहेत. अकरा. आप्पा हसले आणि घरी येऊन, म्हणजे शिक्षकखोलीत जाऊन, त्यांनी ते लिहून ठेवले. त्यांचं हसणं मी इतकी वर्षं भलतंच समजत होतो की काय, हे मला आता कोणाला विचारता येत नाही.

तुझा नंबर सात होता, मला आठवतं. तुझ्या वर्षाची पानं मी दोनदा चाळली. सात कुठेच नाही. अभिनंदन. एकही चूक नाही.

एकच विचारायचं आहे, आणि खरं सांग. तू सहा वर्षं ती वही पाहत होतीस. मी स्टुलाशी उभा राहून ती मागितली तेव्हा ती काय आहे हे तुला माहीत होतं. तेवीस शून्यं दिलीस तेव्हा ते उत्तर कोणाचं आहे हेही माहीत होतं. मग तू मूग गिळून का बसलीस?

टिटवीला मी परीक्षेला बस असं लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलं आहे की एकोणतीस नंबर तुझा बाप आहे, आणि त्याला दोन गुण मिळाले होते.

कळावे. लोभ असावा असं म्हणवत नाही, आणि नसावा असंही नाही.

धाकटा

---

ता. २८ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हे मनापासून आहेत. घे किंवा ठेव.

टिटवी परवा परीक्षेला बसली. कसं झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी मध्येच थांबेन.

पार्सल घेऊन ती खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. तिने विचारलं की या वहीत अजूनही उत्तरं लिहितात का. मी म्हटलं की लिहिणारा माणूस गेला. तिने मान हलवली आणि म्हणाली की ती बसेल, पण दोन अटींवर. परीक्षेआधी मी तिला काहीही समजावायचं नाही. आणि ती उत्तर देत असताना मी तिच्याकडे पाठ करून बसायचं, कारण माझ्या चेहऱ्यावर उत्तर असतं. एकतीस वर्षं शिकवते आहे, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. रागाने माझे कान तापले. पण वर्ष तिचं जाणार होतं, माझं नाही, म्हणून हो म्हटलं.

त्यामुळे सव्वीस तारखेला मुख्याध्यापकांच्या खोलीत मी खुर्ची फिरवून भिंतीकडे, नकाशांच्या कपाटाकडे तोंड करून बसले. मुख्याध्यापकांनी विचारलं की बाई, बरं आहे ना. मी म्हटलं, विचारा तुम्ही.

तिने सांगितलं की विहीर आटलेली आहे, म्हणून किल्ली बुडत नाही. ती तळाशी पडून राहते आणि काठावरून दिसते. त्या बाईला किल्ली खरोखर टाकायची असती तर समोर सबंध समुद्र होता. तिने ती कोणासाठी ठेवलेली नाही आणि पणही केलेला नाही. घरात जायचं तर खाली उतरावं लागेल, एवढीच सोय तिने केली आहे, आणि रोज सकाळी ती वाकून बघते आणि उतरत नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं की मग उतरायचं कोणी. ती म्हणाली, "ज्याला आत जायचंय त्याने. पण ती म्हणते त्याने उतरावं, आणि तो म्हणत असेल तिने उतरावं."

मी बराच वेळ खुर्ची फिरवली नाही. कपाटावर नकाशे किती आहेत ते मोजत बसले.

तिला आठ दिले. मुख्याध्यापक दहा द्या म्हणत होते. अकराव्या कडव्यात ती काठाशी वाकते, तो आधार टिटवीने सांगितला नाही, म्हणून दोन कापले. पास झाली, वर्ष वाचलं. संध्याकाळी बंबातलं पाणी पुन्हा संपलं.

आता तुझा प्रश्न. हो, मला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आप्पांनी मला तुझं ते उत्तर वाचून दाखवलं होतं. ते दर वर्षी नव्या शिक्षकाला ते वाचून दाखवत. ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि मी ते तुला तीस वर्षं सांगितलं नाही. "विहीर आटली आहे हे धाकट्याला दिसलं नाही, कारण येणारा तहानलेला आहे हे त्याला आधी दिसलं." तू विचारलंस ना, हसणं कसलं होतं? ते असं होतं.

मी त्यांना विचारलं की माझं उत्तर कुठे आहे. ते म्हणाले की तू चुकतच नाहीस. मला ती शाबासकी वाटली. मग ते तासाला गेले आणि मी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. सात नंबर नव्हता. संध्याकाळी टेबलाशी ते मला जे सांगत, तेच मी सकाळी वर्गात त्यांना परत सांगत होते. मी आप्पांची री ओढत होते. त्यात लिहून ठेवण्यासारखं काय असणार? आणि पुढे एकतीस वर्षं मी तेच शिकवलं, त्यांच्याच शब्दांत, आणि ज्याने वेगळं लिहिलं त्याचे गुण कापले. तू अभिनंदन लिहिलंस ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुला ठाऊक नव्हतं, पण घाव बरोबर बसला.

तू वही मागितलीस तेव्हा मी वळले नाही, कारण ती घरातून जाते आहे याचं मला बरं वाटलं. तू ती अर्थ समजून छापशील असं मनात नव्हतं. पण छापलेली पाहिली, तेव्हा तुझी फजिती होणार म्हणून मला आनंद झाला. तो आनंद मी तेवीस मुलांच्या पेपरवर लाल शाईने लिहिला. शून्य चुकीचं नव्हतं, विहीर आटलेलीच आहे. पण देताना माझा हात मुलांसाठी चालत नव्हता. मे महिन्यात त्या बावीस जणांना बोलावणार आहे, आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार आहे.

तुझं पुस्तक रद्दीत घालू नकोस. आप्पांचा फोटो काढ, आणि खरं ते छाप, की ही मुलांची उत्तरं आहेत, प्रत्येकात कुठेतरी चूक आहे, कविता वाचून ती शोधा. खाली अर्धं पान कोरं ठेव. छापखान्यामागच्या त्या मुलीला ते आपल्या दोघांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

वही परत पाठवते आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतर टिटवीचं उत्तर उतरवलं आहे, वर यंदाचं वर्ष, शेजारी अठरा, तिचा नंबर. ते चूक आहे का, हे मी रविवारभर चौदा कडव्यांत शोधलं. सापडलं नाही. म्हणून पेन्सिलीने लिहिलं आहे.

त्याच्या खाली आणखी एक उत्तर आहे. वर माझ्या नववीचं वर्ष घातलं आहे आणि शेजारी सात. ते मला चौदाव्या वर्षीच वाटलं होतं, आप्पांना सांगायचा धीर झाला नाही, आणि नंतर कोणालाच सांगितलं नाही. ते बहुधा चुकलेलं आहे. तुझ्याखेरीज ते कोणाला दाखवलेलं नाही, टिटवीलाही नाही. कविता समोर ठेव, या वेळी चौथ्या कडव्यासकट, आणि मी कुठे चुकले ते सांग. गुण तू द्यायचेस, दहापैकी.

कळावे. लोभ असला तर लाल शाईने लिही.

तुझी,
सात नंबर